बेटावर बघायचा कार्यक्रम

सोनम, तू गप बस आन नुसतं ऐक. मधी बोलू नगंस.

परवा मला बघायला पोरगं आलतं की. नेसरीचं, अनेकांत नाव. घरात पोहे खात बसायचा मला कटाळा, तर त्योच म्हटला, तळ्यातल्या बेटावर जाऊया, बगळ्यांची घरटी हायत, मोकळ्यावर बोलता येईल. आप्पा खूश. बगळा म्हणजे पांढरा, शांत, सात्त्विक, असलं कायतरी त्यांच्या डोक्यात. अक्काताई आत्ती तर नवी साडी नेसून आली. होडीत बसतानाच आप्पांनी मला दम दिला, "आदिती, येताना होडी काठाला लागायच्या आत व्हय का न्हाय ते सांगायचं. मागच्या तिघांसारखं 'बघू' चालणार न्हाय."

बेटावर पाय ठेवला आन जो वास आलाय म्हणतीस. झाडं चुना मारल्यागत पांढरी. वर राखी बगळे, नळावर भांडणं लागल्यागत कोकलायलेत. आत्तीनं पदर नाकाला लावला. "ह्यास्नी शांत कोण म्हटलं रं?"

अनेकांत मला कायतरी विचारणार, तवर वरनं एकाच्या चोचीतनं मासा सुटला. धप्पकन आप्पांच्या पायात. जिता. तडफडायलाय. आन खालच्या फांदीवर घरट्यातनं घसरलेलं एक पिल्लू, त्ये मासा बघून आ करून किंचाळायला लागलं.

आप्पा म्हटले, "जीव हाय त्यात. पाण्यात सोडा."

आत्ती म्हटली, "आन हे लेकरू उपाशी ठेवतोस व्हय? त्याच्या तोंडात द्या."

"अक्का, हातानं हत्या करायला लावतीस?"

"मग हे मेलं तर ती कुणाची हत्या?"

आमच्या जैन बस्तीतल्या मुनींच्या प्रवचनात पण एवढा वाद झालेला मी बघितला न्हाय. मला तर हसू दाबंना.

अनेकांतनं मासा उचलला. जन्मात पहिल्यांदा हात लावलावता, निखारा धरल्यागत धरलेला. आप्पांकडं बघितलं, आत्तीकडं बघितलं, मग माझ्याकडं. "तुम्ही सांगा."

होडीवाला आकाराम काठावरनं वरडला, "पावणं, ठरवा लवकर, मासा थांबणार न्हाय."

मी म्हटलं, "पाण्यात."

पळाला त्यो बुटासकट चिखलात, कंबरंपतोर. तोंडावर पडला, पर हात वर. गणपती पोचवायला न्यावा तसा मासा डोक्यावर. मग हळूच पाण्यात सोडला. आप्पांनी डोळं मिटून हात जोडले. ते णमोकार मंत्र सुरू करतायत, तवर शेजारी काठी रोवल्यागत उभ्या बगळ्यानं मान घातली आन तोच मासा गिळला की. आन गेला उडून पलीकडच्या झाडावर. आमचं पिल्लू तसंच बोंबलायलंय.

चिखलातनं अनेकांत म्हटला, "आप्पा, मी सोडलावता."

आम्ही होडीकडं फिरलो, तशी त्या पिल्लाची आई खाली उतरली. म्हणजे इतका येळ आम्हीच आडवं आलतो.

आता होडी केवढी, त्यात हा चिखलानं माखलेला. आत्ती माझ्या कानात, पर सगळ्यांस्नी ऐकू जाईल असं, "ह्याला सवताचं मत न्हाय बघ. तुला इचारतोय."

"ऐकू येतंय मला," अनेकांत म्हटला. "मत हाय की. मी पिल्लाला देणार होतो."

"मग पाण्यात का सोडलास?" आत्तीनं धरला त्याला.

"ह्यांना इचारलं न्हवं का. इचारल्यावर ऐकायला नको व्हय?"

आप्पा लांब तळ्याकडं बघत बसले. काठ जवळ आला. आकारामनं वल्हं उचललं. आप्पा खाकरले.

मी व्हय म्हटलं.

आत्ती तवापासनं माझ्याशी बोलंना झालीया. म्हणती, वासानं डोस्कं फिरलं पोरीचं. आता तूच सांग सोनम, त्या होडीत तू असतीस तर काय केलं असतंस?