भिंगरी उभी राहिली

भिंगरी जागेवर उभी राहते असं कुणी म्हटलं असतं, तर घड्याळजीने त्याला वेड्यात काढलं असतं. त्याची ही सहा वर्षांची लेक जेवताना खुर्चीभोवती फिरायची, दात घासताना उड्या मारायची. दुकानात आली की घड्याळांचे बारीक स्क्रू दाही दिशांना जायचे. "अंगात वारं शिरलंय कार्टीच्या," तो म्हणायचा. शेवटी तिच्या आत्याने कराटेच्या क्लासचा पत्ता दिला, आणि तो तिला हाताला धरून, म्हणजे जवळजवळ ओढतच, तिथे घेऊन गेला.

खाली जाड निळ्या गाद्या, भिंतींना आरसे. भिंगरी सुटलीच. शिकवणाऱ्या ताई ठेंगण्या, शांत आवाजाच्या.

"जरा शिस्त लावा हिला," घड्याळजी म्हणाला. "कुणाचं म्हणून ऐकत नाही. आम्ही तर हात टेकलेत."

बाकावरचे पालक हसले. त्यालाही बरं वाटलं. चारचौघांत आपल्याच लेकराला नावं ठेवण्यात एक वेगळी ऐट असते.

नव्या मुलांना ताई आधी अडवायला शिकवत. समोर उभं राहून हात उगारायचा आणि पोर काय करतं ते बघायचं. एकजण खिदळला. एकीने ताईंचं मनगटच पकडलं. मग भिंगरीची पाळी आली.

ताईंचा हात वर गेला आणि भिंगरी थांबली. तिने हात पाठीमागे बांधले, डोळे घट्ट मिटले आणि गाल पुढे केला. आरशांमुळे ती सगळ्या बाजूंनी दिसत होती.

बाकावर आता कुणी हसलं नाही. स्क्रू सांडले की घड्याळजी तिला असंच उभं करायचा. हललीस तर आणखी एक, हा घरचा नियम. गिऱ्हाइकं मात्र त्याच्या हलक्या हाताचं कौतुक करायची. तो हात आता कुठे ठेवावा ते त्याला कळेना, म्हणून त्याने तो खिशात घातला. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं त्याला. लाज मारल्याची वाटत होती की उघडं पडल्याची, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

ताईंनी हात खाली घेतला. "डोळे उघड, बाळा. इथे असं उभं नाही राहायचं. हात आला की अडवायचा." कोपर कसं वर न्यायचं ते त्यांनी तिला दाखवलं. मग म्हणाल्या, "बाबा, तुम्ही या. सराव घरच्या माणसाबरोबर करायचा असतो. हळू हात उगारा, ती अडवेल."

घड्याळजी गादीवर गुडघे टेकून बसला. हात खिशातून निघाला, पण वर जाईना. सगळे बघत होते.

भिंगरीला वाटलं, आपलंच काहीतरी चुकतंय. ती पुढे सरकली, हात पुन्हा पाठीमागे बांधले आणि त्याला धीर द्यावा तशी हळूच म्हणाली, "उचला ना, बाबा. मी नाही हलणार."