पाठीची रेघ

नलूने आठवा कागद टराटरा फाडला आणि टाक पुन्हा शाईत बुडवला.

उद्या तेरवी. तानबाची बायको अनुसया गेली, आणि घरात तिचा एकही फोटो नाही. फोटोसाठी वर्ध्याला जायचं, तर त्या बाईला सवड कधी झालीच नाही. म्हणून समुद्रपूरच्या शाळेतल्या ड्रॉइंगच्या बाईंना, नलूला, बोलावून आणलं, चहा पाजला आणि सगळं घर नाक-डोळे सांगायला बसलं.

"नाक धारदार होतं," सासरे लक्ष्मणराव म्हणाले.

"छ्या! बसकं होतं," धाकटा दीर म्हणाला.

"तुमी दोघांनी कवा पाह्यलं जी तिचं नाक?" सासू भागीरथा कडाडली. "पदर हनुवटीवरी असे. माह्यापुढंबी मान खालीच."

तानबाला विचारावं, तर त्याला हुंदका आवरेना. नलूला आधी हसू आलं, मग फार वाईट वाटलं. पंधरा वर्षं नांदली, आणि चेहरा कुणी धड सांगू नये!

पण हात टेकणाऱ्यांतली नव्हती ती. शाई खोडता येत नाही, म्हणूनच तर तिला शाई आवडायची.

"चेहरा राहू द्या," ती भागीरथाला म्हणाली. "तुम्हाला ती कुठे दिसायची?"

"वावरात. कापूस येचताना पऱ्हाटीच्या तासात सून पुढं, मी मांगं. कापसानं ओटी जड झाली का डावा हात कमरेवर ठेवे."

नलूने टाक कागदावर टेकवला. मानेपासून एक रेघ उतरली, पाठीवर वाकली आणि कमरेवरच्या हातापाशी थांबली. दुसऱ्या रेघेत ओटीचा फुगवटा. बस. आणखी काही काढायला हात शिवशिवला, पण तिने टाक पुसून ठेवून दिला.

"हे काय? तोंड कुठं हाय?" लक्ष्मणराव उखडले. "उद्या सोयरे येतीन, कुंकू कुठं लावतीन?"

"याहून एक रेघ जास्त काढणार नाही मी." नलूचा आवाज हलला नाही.

भागीरथाने कागद ओढून घेतला आणि दारातल्या उजेडात धरला. आता हाही फाटणार, असं नलूला वाटलं. पण वाळलेल्या रेघेवरून म्हातारीचं बोट वरून खाली हळूच फिरलं.

"आता तरी कंबर सरळ कर वं, माय," ती म्हणाली.