बमरोलीचा डोंगर, उंची बत्तीस फूट

मित्रांनो, मला एकशे अठरा ट्रकांत भरून नेलं. हे एकदा सांगून टाकलं, आता विसरा. असं काही झालंच नाही असं धरून चालू. माझी अजून ओळख व्हायची आहे, आणि नसलेल्याची ओळख करून देणं बरं दिसत नाही.

मी एक जुना डोंगर आहे. वय सहा वर्षं. सुरतेच्या सपाट जमिनीवर, बमरोलीला, कापड रंगवणाऱ्या एका गिरणीच्या मागे १९८९ साली माझा जन्म झाला. इतर डोंगर म्हणे पृथ्वीच्या पोटातून आले. मी बॉयलरच्या पोटातून आलो. पोट ते पोटच. गिरणीतला धुडकू राख हातगाडीत भरायचा आणि माझ्यावर आणून ओतायचा. एका पाळीत बारा गाड्या. साल्हेरला कुणी इतक्या नेमाने रचलंय का? विचारून पाहा त्याला.

धुडकू खानदेशातला, दोंडाईच्याकडचा. त्याची आई धुरपदाबाई एकदा हरवलेली शेळी शोधत माझ्यावर चढली. माथ्यावर आली, कमरेवर हात ठेवले आणि तशीच उभी राहिली. गिरण्यांच्या पत्र्यांपलीकडे, लांब, चलथाणच्या साखर कारखान्याच्या धुराच्या दिशेने एक गाडी चालली होती. भुसावळ पॅसेंजर. तिच्या मुलखातून जाणारी. शेळी मागून आपली आपण आली, पण म्हातारी खाली उतरेना.

गावात आता तिचं घर उरलं नव्हतं, त्यामुळे जायचं कुठे हा प्रश्नच होता. पण नुसतं बघायला घर लागत नाही. तेव्हापासून रोज संध्याकाळी ती नात सोनालीचा हात धरून चढायची.

"ती देख, आपली गाडी जाई राहिनी," असं म्हणत ती पदर हलवायची.

"आजी, एवढ्या लांबून त्यांना काय दिसणार?"

"त्यास्ले नही दिखस. गाडीले दिखस."

चैत्रात गिरणीवाल्यांनी सप्तशृंगीच्या गडावर जायला सुट्टी दिली नाही, तेव्हा वस्तीतल्या बायकांनी एक दगड शेंदूर लावून माझ्यावरच बसवला. चढायला सोपं पडावं म्हणून कापडाच्या ताक्यांमधल्या पुठ्ठ्याच्या नळ्या पुरून सात पायऱ्याही केल्या. सातच. पण पावसाळ्यात त्या विरघळायच्या आणि पुन्हा कराव्या लागायच्या. सप्तशृंगीच्या पायऱ्या दरवर्षी कुणी नव्याने करतं का?

मग एक दिवस सोनालीने 'पश्चिमेकडील प्रेक्षणीय डोंगर' नावाची पुस्तिका आणली आणि माझ्याच माथ्यावर बसून ती मोठ्याने वाचली. साल्हेर होता. मांगी-तुंगी होते, तेही जोडीने. सापुतारा तर चार पानं पसरला होता. मी? शेवटच्या पानावर मुद्रकाचा पत्ता होता, पण मी नव्हतो! सापुताऱ्याचं कौतुक काय, तर तो हिरवा आहे. रोज तोच हिरवा. माझ्या पायथ्याशी गिरणीच्या रंगाचं पाणी यायचं. सोमवारी मी गुलाबी असायचो, बुधवारी निळा. पुस्तिका लिहिणारा बुधवारी आलाच नाही, त्याला मी काय करू?

पंचाण्णव साली, आदल्या वर्षीच्या प्लेगच्या साथीनंतर, शहर घासूनपुसून काढायचं ठरलं. घाण गेलीच पाहिजे, याबद्दल माझं दुमत नाही. पण कंत्राटदाराचा माणूस श्रीरंग टेप घेऊन थेट माझ्याकडे आला. माथ्यावर धुरपदाबाई आणि सोनाली उभ्या होत्या.

"काकी, जरा खाली उतरा. ढीग मोजायचाय."

"ढीग व्हई तुन्हा घर! हाऊ डोंगर शे."

"कागदावर ढीग लिहिलंय, काकी."

"मंग खोडीसन डोंगर लिख."

"यात डोंगराचा रकानाच नाही हो."

सोनालीने पुस्तिका त्याच्या नाकासमोर धरली. "हे बघा काका. देऊळ पाहिजे, आहे. पायऱ्या आहेत. वरून देखावा आहे. माकडं सोडून सगळं आहे."

श्रीरंगने खरोखर चारी बाजूंना माकडं आहेत का ते पाहिलं. मग उसासा टाकून 'ढीग' या शब्दापुढे बरोबरची खूण केली. बत्तीस फुटांचा मी, आणि एका पेनाने आडवा झालो.

मला भरून द्यायचं काम कुणाला मिळालं? धुडकूला. तोच माणूस, तेच फावडं. धुरपदाबाईने त्याला भाकर वाढली.

"माय, मालकना हुकूम शे," तो म्हणाला.

"मी काही बोलनू का?" एवढंच बोलून ती संध्याकाळी माझ्यावर चढली.

मी रोज थोडा थोडा उतरत होतो आणि ती रोज चढत होती. बत्तीस फुटांवरून तिला अख्खी गाडी दिसायची. पंचवीस फुटांवरून डब्यांचे नुसते टप. अठरा फुटांवरून टाचा उंचावून एक पुसट काळी रेघ. दहा फुटांवर समोर फक्त गिरणीची भिंत होती. त्या दिवशी लांबवर शिट्टी झाली. म्हातारीने भिंतीकडे पाहून पदर हलवला. खाली फावडं घेऊन उभा असलेला धुडकू दुसरीकडे बघायला लागला.

शेंदराचा दगड तिने ओटीत घालून घरी नेला. मी आता भेस्तानजवळच्या एका रस्त्याखाली पसरलेला आहे. माझ्यावरून रिक्षा जातात. एकही चढत नाही.

मित्रांनो, डोंगरांची काळजी घ्या. पुस्तिकेतल्यांची घेतलीत तर उपकार नाहीत, त्यांची घ्यायला बरेच जण आहेत. ज्यांना रकाना नाही त्यांची घ्या. आणि उंची मोजायला येणाऱ्याने आधी वर कोण उभं आहे ते बघावं, एवढं त्याला शिकवा.

तरी, माननीय रेल्वे खात्यास नम्र विनंती की, संध्याकाळची भुसावळ पॅसेंजर यापुढे जमिनीपासून किमान बत्तीस फूट उंचीवरून नेण्यात यावी, जेणेकरून ती बमरोली येथील रहिवासी श्रीमती धुरपदाबाई यांना अंगणात उभ्याने, चष्म्याविना दिसेल. सदर बदल पुढील वेळापत्रकापासून लागू करावा व तसे लेखी कळवावे.