एल्मर टिबिट्सची सही

हरीशभाऊजींना जुन्या आगगाड्यांचं वेड होतं, आणि वेडाला औषध नसतं. राहायचे आमच्या शेजारी इंग्लंडात, लेस्टरला आणि जीव अडकलेला अमेरिकेत, १९३८ साली बंद पडलेल्या ऑर्डवे व्हॅली रेलरोडमध्ये! तिच्या गाड्या, वेळापत्रकं, अपघात, सगळ्याचं पुस्तक लिहायचं होतं त्यांना.

अडचण एकच होती. जुन्या कागदांवरचं अक्षर त्यांना लागत नसे. मी हॉस्पिटलच्या रेकॉर्ड्स ऑफिसात. डॉक्टरांचं गिचमिड अक्षर वाचण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. १९८६ पासून दर शनिवारी लायब्ररीत मायक्रोफिल्मच्या मशीनसमोर बसून अमेरिकेहून मागवलेले कागद मी वाचायची, ते लिहून घ्यायचे. सहा वर्षं. आमचे हे म्हणायचे, "बायको माझी, शनिवार हरीशचा."

१९०९ साली त्या लाइनवर दोन गाड्या समोरासमोर धडकल्या. अकरा माणसं गेली, त्यांत ड्रायव्हर एल्मर टिबिट्सही. चौकशीत ठरलं की 'थांब' असा लेखी हुकूम त्याने स्टेशनमास्तरकडून सही करून घेतला आणि तरीही गाडी पुढे हाणली. मेलेल्या माणसावर खापर फोडायला काय जातं? त्याची मुलगी आयडा तेव्हा चार वर्षांची होती. १९८९ मध्ये आम्ही एका अमेरिकन मासिकात माहिती मागवली, तेव्हा तिचं पत्र आलं. म्हातारी आता चौऱ्याऐंशीची. सोबत वडिलांच्या लग्नाच्या दाखल्याची कॉपी होती.

दाखल्यावरची सही पाहिली, मग हुकुमावरची. एका डॉक्टरने दुसऱ्याची सही ठोकली की मला लांबून कळतं. हुकुमावरची सही स्टेशनमास्तरने केली होती. त्याच्या रजिस्टरची पानंच्या पानं मी वाचली होती. म्हणजे हुकूम ड्रायव्हरच्या हातात पडलाच नव्हता! मला तिथेच रडू फुटलं.

"वहिनी, हेच आपल्या पुस्तकाचं हार्ट," भाऊजी म्हणाले. "तिला कळवा. डीटेल्स मात्र प्रिंट होईपर्यंत नको हं."

मी आयडाला लिहिलं, तुझे वडील निर्दोष होते हे पुस्तकात येईल, थोडी थांब. आणि ती बिचारी थांबली.

पुस्तक १९९३ च्या मार्चमध्ये निघालं. मला प्रत मिळाली एप्रिलअखेर, तीही पोस्टाने, शेजारच्या घरातून! अपघाताचं पान उघडलं. 'ड्रायव्हर टिबिट्सच्या निष्काळजीपणामुळे.' सहीबद्दल अवाक्षर नाही. मी फोन उचलला.

"अहो भाऊजी, हे काय?"

"वहिनी, बी रीझनेबल. त्या स्टेशनमास्तरच्या नातवाने साठ फोटो दिले. अट एकच, आजोबांबद्दल वाकडं लिहायचं नाही. आणि इतकी वर्षं झाली, आता कुणाला फरक पडतो?"

"आयडाला पडतो."

"सेकंड एडिशनमध्ये बघू ना. आणि तुम्हाला थँक्स दिलेत की, पहिल्याच पानावर!"

दिले होते. 'अपघातांचं प्रकरण मूळ कागदांवरून तपासून देणाऱ्या मिसेस शैला राजवाडे यांचे आभार.' शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं. या माणसाने सहा वर्षं माझ्या हातचा चहा पिऊन केसाने माझा गळा कापला, आणि खोट्यावर शिक्का मारला तो माझ्या नावाचा.

त्याच दुपारी मी सगळं खरं लिहून, दोन्ही सह्यांच्या कॉपी जोडून पत्र आयडाला एअरमेलने पाठवलं. दोनच दिवसांनी तिचं पत्र आलं. माझं तिला पोचायच्या आधीच तिने ते टाकलं होतं.

"प्रिय शैला, पुस्तक मागवलं. मला आता दिसत नाही, शेजारणीने वाचून दाखवलं. त्या चौकशीवर मी आयुष्यभर विश्वास ठेवला नाही. पण तू तपासलं आहेस, आणि तू खोटं बोलणार नाहीस. तेव्हा ते खरंच असणार. रविवारी मी बाबांचा फोटो भिंतीवरून उतरवला."