शरदातले दहा शब्द

त्या मंगळवारच्या आइस हॉकीच्या सामन्यात निलो ह्युत्तिनेन कठड्यावर आदळला, तेव्हा त्याला एवढंच सुचलं की पटकन उठायचं. कोइवुलाहतीच्या संघात जो बर्फावर पडून राहतो त्याला डॉक्टर उचलतात आणि डॉक्टरांनी ज्याला उचललं त्याच्या जागेवर दुसऱ्या दिवशी दुसरा कुणीतरी खेळतो. तो उठला, दात काढून हसला आणि सरळ समोरच्या संघाच्या बाकावर जाऊन बसला. अख्खा हॉल हसला. निलोही हसला. लोक हसत असतील तर आपणही हसून घ्यावं, एवढं व्यवहारज्ञान विसाव्या वर्षी आलेलं असतं.

डोळ्यांपुढे काजवे चमकत होते ते कुणाला दिसत नव्हते, हे त्याचं नशीब.

कारण शनिवारी तांपेरेच्या मोठ्या संघाचा माणूस त्याचा खेळ बघायला येणार होता. ही गोष्ट गुपित होती, म्हणजे सगळ्यांना ठाऊक होती. निलोच्या गावाने तर बसच ठरवली. आईने फोनवर सांगितलं, "राय-पिठाच्या पिराक्का भरून भाजतेय, सगळ्या बसला पुरतील एवढ्या. आणि ऐक, तुझे बाबा नवा कोट घालणार आहेत." बाबांनी नवा कोट शेवटचा कधी घातला होता ते आईलाही आठवत नव्हतं. हा माणूस निलो चार वर्षांचा असल्यापासून दर हिवाळ्यात अंगणात पाणी ओतून ओतून त्याच्यासाठी बर्फाचं मैदान करत आला. त्याबद्दल एक शब्द बोलला नाही. आता तो शनिवारची वाट बघत होता, आणि तेही न बोलता.

तेव्हा काहीही झालं तरी निलोला खेळायचंच होतं. अडचण एकच होती, डॉक्टर सारेल्मा.

त्या अडचणीवरचा उतारा संघाचा कप्तान तोल्वानेनने त्याला शरदातच देऊन ठेवला होता. तोल्वानेनला सगळे तोल्वा म्हणत आणि पाठीमागे म्हातारा. हंगाम सुरू व्हायच्या आधी डॉक्टर प्रत्येकाला दहा शब्द वाचून दाखवत, इकडतिकडच्या गप्पा मारत आणि मग विचारत, किती आठवतात? पुढे डोक्याला मार बसला की पुन्हा नवे दहा शब्द. आकडा घसरला की माणूस घरी.

"म्हणून शहाण्यासारखं वागायचं," तोल्वा म्हणाला होता. "दहा आठवले तरी चारच सांगायचे. मग टाळकं फुटलं तरी चार येतातच. कळलं का बाळा?"

"आणि पाच आले तर?"

"तर डॉक्टर म्हणेल, मार खाऊन पोरगं हुशार झालं!"

निलोला हे फार आवडलं होतं. शरदातल्या चाचणीत दहाच्या दहा शब्द त्याच्या जिभेवर नाचत होते: होडी, मीठ, पायमोजा, खिडकी, कावळा, लोणी, शिडी, घंटा, बटण, धूर. त्याने कपाळाला आठ्या घालून, डोकं खाजवून मोठ्या कष्टाने चार सांगितले. डॉक्टर सारेल्मांनी चष्म्यावरून बघितलं. "शाळा पास झालास ना रे?"

आता बुधवारी त्यांनी नवे शब्द वाचले आणि निलोने पुन्हा चार सांगितले.

"शरदात होते तेवढेच," डॉक्टर म्हणाल्या. "डोकं दुखतंय?"

"छे."

"उजेड खुपतोय?"

"नाही हो."

"मग जा, खेळ."

बाहेर आल्यावर निलोने हवेत मूठ उडवली. म्हातारा खरंच गुरू माणूस! डोक्यात आणखी शब्द होते, आपण मुद्दाम सांगितले नाहीत, असं त्याने स्वतःला बजावलं. ते कोणते, हे मात्र स्वतःला विचारलं नाही.

गुरुवारच्या सरावात दिव्यांचा उजेड सुईसारखा डोळ्यांत घुसत होता. एका चकतीच्या दोन दिसायच्या, त्यातली खरी कोणती याचा अंदाज बांधून तो मारायचा आणि देवाच्या दयेने अंदाज बरोबर यायचा. त्यानंतर सौना, वाफेची तापलेली खोली. सौना टाळणाऱ्याला काहीतरी झालंय, हे इथे शेंबड्या पोरालाही कळतं, म्हणून निलो मुकाट्याने वरच्या फळीवर जाऊन बसला.

भट्टीजवळची जागा आणि पाण्याचा डाव तोल्वाच्या मालकीचा. त्याने तापलेल्या दगडांवर पाणी टाकलं. वाफ अंगावर आली. त्याने पुन्हा टाकलं. मग जरा इकडेतिकडे बघितलं आणि पहिल्यांदाच टाकतोय अशा थाटात आणखी एकदा टाकलं.

"ए म्हाताऱ्या, बटाटे समजलास का आम्हाला?"

"शनिवारी उकडलेला संघ खेळवणार हा!"

शिव्या घालत, हसत, एकमेकांना ढकलत सगळे बाहेर पळाले. निलो तेवढा राहिला. "बघा, पोरगं तुमच्यापेक्षा चिवट आहे!" तोल्वा ओरडला. चिवट कसला! उभा राहिलो तर कोसळेन, या भीतीने तो फळीला घट्ट धरून बसला होता.

आता आत दोघेच उरले. मग तोल्वा म्हणाला, "आज गुरुवार ना? चल, वाटाण्याचं सूप असेल."

निलो हसला. दर गुरुवारचं ते सूप दुपारीच पिऊन झालं होतं. तोल्वा समोरच बसला होता आणि त्याने निलोचं पॅनकेकसुद्धा लाटलं होतं. पण तोल्वा हसत नव्हता. भूक लागलेल्या माणसासारखा तो दाराकडे बघत होता.

"बाकी तू नवा आहेस," तोल्वा जवळ सरकून म्हणाला, "म्हणून एक कानमंत्र देतो. शरदात डॉक्टर दहा शब्द वाचतील. शहाण्यासारखं वागायचं. दहा आठवले तरी चारच सांगायचे. मग टाळकं फुटलं तरी चार येतातच. कळलं का बाळा?"

तेच शब्द, तोच डोळा मिचकावणं. आणि मग तो थांबला. पुढच्या प्रश्नाची वाट बघत राहिला.

समोर तो चेहरा इतक्या आशेने बघत होता, की निलोला राहवलं नाही.

"आणि पाच आले तर?"

"तर डॉक्टर म्हणेल, मार खाऊन पोरगं हुशार झालं!" तोल्वा मांडीवर थाप मारून हसला. अगदी ताजं, पोट धरून हसला. संघात सगळे म्हणायचे, म्हातारा जरा विसरभोळा झालाय. त्याच्या विसराळूपणावर विनोद करायचे. निलोनेही केले होते.

काल मी कोणते चार शब्द सांगितले? निलोने आठवून बघितलं. चारांतला एकही येईना. तेव्हा त्याची पाचावर धारण बसली.

तो भिंत धरून धरून बाहेर आला, ओल्या अंगावर कपडे चढवले आणि डॉक्टरांच्या खोलीत शिरला. त्या कोट घालून निघायच्या बेतात होत्या.

"डॉक्टर, शरदात मी खोटं बोललो. मला सगळे शब्द येत होते."

"आणि काल?"

"काल... काल पण मुद्दामच." तो खुर्ची ओढून बसला. "पुन्हा घ्या चाचणी. आता खरंखरं सांगतो. दहा आले तर मला शनिवारी खेळू द्या. गाव येतंय हो, अख्खी बस भरून. माझे बाबा येतायत. मला हे सोडून काही येत नाही, डॉक्टर, काहीसुद्धा येत नाही."

"आणि दहा नाही आले तर?"

"येतील."

डॉक्टर कोट न काढताच बसल्या. त्यांनी नवे दहा शब्द वाचले, सावकाश. पुन्हा एकदा वाचले. मग त्याला महिने उलट्या क्रमाने म्हणायला लावले, आई काय करते विचारलं, पिराक्कांत भात घालते की बटाटा ते विचारलं. भात, तो म्हणाला.

"हं, आता सांग शब्द."

निलोने डोळे मिटले आणि तोंड उघडलं. शब्द आले! न अडखळता, एकामागून एक धावत आले. "होडी, मीठ, पायमोजा, खिडकी, कावळा, लोणी, शिडी, घंटा, बटण, धूर!" त्याने डोळे उघडले. गालांवरून पाणी वाहत होतं आणि तो हसत होता. "दहा! दहाच्या दहा! मोजलेत ना?"

डॉक्टर सारेल्मांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"निलो, हे शरदातले आहेत. अख्ख्या संघाला वाचले होते ते."

खिशात त्याचा फोन थरथरला. आईचा असणार. तो वाजतच राहिला.

"आणि आजचे?" डॉक्टरांनी हळूच विचारलं.

निलो गुणी विद्यार्थ्यासारखा ताठ बसला.

"वाचा ना," तो म्हणाला. "मी ऐकतोय."