गाण्याने बॅटरी संपवली म्हणे

अशी कल्पना करा, बाळांनो, की तुम्हाला एक गाणं बसवायचंय आणि घरात ते म्हणायला जागाच नाही. दिवाणखान्यात वडील हेडफोन लावून मीटिंगमध्ये बसलेत. आतल्या खोलीत दादाची ऑनलाइन शाळा चालू आहे. स्वयंपाकघरात गुणगुणलात तरी दोन्हीकडून "श्श" येतं. बाहेर जावं तर बाग बंद, शाळा बंद, चर्चसुद्धा बंद. घरापासून पाच किलोमीटरच्या पुढे जायचं नाही असा सरकारी हुकूम आहे. आता सांगा, तुम्ही कुठे जाल?

वेंडी गाडीत गेली.

ती तेव्हा दहा वर्षांची होती. सिडनीच्या टूनगॅबी भागात राहायची, आणि मी सांगतोय तो कोविडच्या दुसऱ्या वर्षातला ऑगस्ट महिना. वेंडीचं कुटुंब मूळचं वसईचं. वडील मार्शल कॉम्प्युटरवर काम करायचे. आई मिल्ड्रेड हॉस्पिटलात नर्स होती. मोठा भाऊ रिकी दहावीत होता आणि आपल्याला सगळं कळतं असं त्याला वाटायचं.

त्यांच्याकडे नवी विजेवर चालणारी गाडी आली होती. अशा गाडीत इंजिन नसतं, त्यामुळे ती उभी असताना अगदी शांत असते. गाडी चालू केली तरी काही घरघर नाही, धूर नाही. समोर मोठा पडदा. त्याला फोन जोडला की फोनमधलं संगीत चारी बाजूंच्या स्पीकरमधून वाजू लागतं. दारं बंद केली की बाहेर जवळजवळ काही ऐकू येत नाही, आणि बाहेरचं आत येत नाही. मिल्ड्रेड सकाळची ड्यूटी संपवून दुपारी घरी आली की गाडी गॅरेजमध्ये लागायची. मग वेंडी आत जाऊन बसायची, फोन जोडायची, वसईहून आलेली ऑर्गनची साथ लावायची आणि तिच्याबरोबर गायची. रोज अर्धा-पाऊण तास.

कशासाठी? तर वसईला तिच्या आजी-आजोबांच्या लग्नाला पन्नास वर्षं होणार होती. म्हणजे मार्शलच्याच आई-वडिलांच्या. त्यासाठी चर्चमध्ये उपकाराची मिस्सा, म्हणजे देवाचे आभार मानणारी प्रार्थना, होणार होती. चर्चमध्ये लोकांना जायला बंदी होती, म्हणून ती मिस्सा सगळ्यांना फोनवर दिसणार होती. त्या मिस्सेतलं स्तोत्र वेंडीनं मराठीतून गायचं आणि आधी रेकॉर्ड करून पाठवायचं, असं आजीनं स्वतः ठरवलं होतं. विमानं बंद होती. आजीला भेटून दोन वर्षं होऊन गेली होती. वेंडीला मराठी बोलायला जमायचं, पण स्तोत्रातले जोडाक्षरांचे शब्द जिभेवर बसत नव्हते. ते ती गाडीत बसून घोटत होती.

आता झालं काय ते नीट ऐका.

एके दिवशी पहाटे मिल्ड्रेड ड्यूटीला निघाली आणि पाहते तर गाडीची बॅटरी जवळजवळ संपलेली. हॉस्पिटलपर्यंत जाईल एवढीही नाही. तिनं टॅक्सी मागवली, ती यायला वेळ लागला. तोवर हॉस्पिटलात रात्रपाळीची नर्स तो प्लॅस्टिकचा झगा आणि मास्क घालून तिची वाट बघत उभी राहिली. मिल्ड्रेडला बोलणी बसली. दुपारी ती घरी आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

मार्शलला कारण शोधायला दोन मिनिटंही लागली नाहीत.

"रात्रभर गाडी प्लगला असते," तो म्हणाला. "मग बॅटरी जाते कुठे? ही बया रोज आत बसून गाणी वाजवते, तिथे जाते."

वेंडी म्हणाली की संगीताला एवढी वीज लागत नाही. मार्शल म्हणाला, उलट बोलू नकोस. ती म्हणाली, मी उलट बोलत नाहीये, मी सांगतेय. तर तो म्हणाला की आजपासून गाडीत पाऊल ठेवायचं नाही. रिकीनं खोलीतून मान बाहेर काढली आणि म्हणाला, "You killed the car, mate." मिल्ड्रेड "राहू दे ना रे" एवढंच म्हणाली आणि आंघोळीला गेली. संध्याकाळी मार्शलनं गाडी कशीबशी जवळच्या चार्जरवर नेऊन बॅटरी भरून आणली.

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी समजून घेतलं असतं. माणूस दमलेला असतो, चिडतो. पण रविवारी वसईला व्हिडिओ कॉल लागला तेव्हा मार्शलनं हा किस्सा सगळ्यांना रंगवून सांगितला. पोरीनं गाणी वाजवून वाजवून गाडीचा जीव घेतला, बायको रस्त्यावर उभी राहिली, वगैरे. काका हसले, आत्या हसली, शेजारून कोण कोण डोकावलं होतं तेही हसले. वर मार्शल म्हणाला की वेंडीचं स्तोत्राचं काही जमेलसं दिसत नाही, तिथल्याच कुणाला तरी गायला सांगा. आजीनं चष्मा काढून पदराला पुसला.

वेंडी पडद्याच्या कोपऱ्यात होती. तिला कुणी विचारलंच नाही.

मला सांगा, हा कुठला न्याय? एखाद्यावर आळ घ्यायचा तर आधी तपासायला नको? मोठ्या माणसांनी एकमेकांवर असा आळ घेतला असता तर घरात आठवडाभर भांडण झालं असतं. पोर लहान आहे म्हणून तिची गोष्ट हसण्यावारी न्यायची, आणि तीही चारचौघांत? मला हे पटत नाही. तुम्हालाही पटू नये.

त्या रात्री वेंडी रडली. सकाळी उठल्यावर मात्र तिला रडू येईना, नुसता राग येत होता. आणि रागातसुद्धा तिनं एक शहाणपणाची गोष्ट केली. तिनं आठवायला सुरुवात केली.

गाडी आली तेव्हा ते ती घरी चार्ज करत नव्हते. दर रविवारी मोठ्या दुकानांच्या पार्किंगमध्ये नेऊन जोरात चार्ज करून आणायचे. लॉकडाउन लागल्यावर ते बंद झालं आणि मार्शलनं गाडीचा प्लग गॅरेजमधल्या साध्या सॉकेटमध्ये लावायला सुरुवात केली. रात्री दहानंतर वीज स्वस्त मिळते, म्हणून दहाला चार्जिंग सुरू होईल असं त्यानं अ‍ॅपमध्ये लावून ठेवलं. अ‍ॅपच्या सारख्या येणाऱ्या सूचनांना कंटाळून त्या बंद केल्या. आणि त्याच आठवड्यात वेंडीनं गाडीत गायला सुरुवात केली होती.

म्हणजे दोन गोष्टी एकदम सुरू झाल्या होत्या. एक ऐकू येत होती, तिच्यावर आळ आला. दुसरीकडे कुणी बघितलंच नव्हतं.

दुपारी मिल्ड्रेडची गाडी गॅरेजमध्ये आली तेव्हा वेंडी काचेपाशी उभी राहिली. गाडीत पाऊल ठेवायची बंदी होती, म्हणून तिनं हातसुद्धा आत घातला नाही. बाहेरूनच तिनं आईला विचारलं की मम्मी, तू घरात यायच्या आधी जरा वेळ अशीच गाडीत बसतेस ना, मग आज अर्धा तास बसशील का? माझं ऑर्गनचं संगीत मोठ्यानं लाव आणि सुरुवातीला बॅटरीचा आकडा मला दाखव.

मिल्ड्रेड दमली होती, पण लेकीच्या तोंडाकडे बघून तिनं सीट मागे केली आणि ऑर्गन लावला. डोळे मिटून पडून राहिली. वेंडी बाहेर उलट्या बादलीवर बसून राहिली. अर्ध्या तासानं दोघींनी आकडा पाहिला. तो जागचा हललाही नव्हता.

"बघ," वेंडी म्हणाली.

"बघितलं," मिल्ड्रेड म्हणाली. मग सीट सरळ करताना, "मी तेव्हाच बोलायला हवं होतं."

मग वेंडीनं आईला आणखी एक काम सांगितलं. रात्री झोपताना आकडा बघायचा आणि पहाटे निघताना पुन्हा बघायचा. पहाटे मिल्ड्रेडनं स्वयंपाकघरातल्या फळ्यावर दोन आकडे लिहून ठेवले. दोन्ही सारखेच. रात्रभर प्लगला असलेल्या गाडीत कणभरही वीज शिरली नव्हती.

दुपारी शाळा संपल्यावर वेंडी गॅरेजमध्ये गेली. प्लग सॉकेटमध्ये घट्ट बसला होता, पण वरचं बटण बंद होतं. तिथलं बटण चालू असलं की त्याच्यावर लाल खूण दिसते. ती दिसत नव्हती.

तिनं रिकीला विचारलं. तो म्हणाला की मी गॅरेजमध्ये सायकल घ्यायलाही जात नाही. ते खरं होतं, तो खोलीतून जेवायलाही कष्टानं यायचा. मग तिनं वडिलांना सांगितलं की गॅरेजमधलं बटण कुणीतरी बंद करतंय. मार्शलनं लॅपटॉपवरून नजर न उचलता उत्तर दिलं.

"मग तूच केलं असशील खेळता खेळता. गॅरेजमध्ये सारखी कोण असते?"

पुन्हा तेच. पहिला आळ खोटा ठरला तर लगेच दुसरा. ज्याच्याकडे बोट दाखवायचं ते माणूस आधी ठरलेलं, कारण नंतर जमवायचं. असं वागणाऱ्या मोठ्या माणसाला बाकावर उभं करायला हवं.

वेंडीनं वाद घातला नाही. ती बटण चालू करून आली आणि संध्याकाळची वाट बघू लागली.

त्या घरात रोज जेवणानंतर सगळे मिळून रोझरी म्हणायचे. प्रार्थना झाली की मार्शल घरभर एक फेरी मारायचा. वसईच्या घरी त्याचे वडीलही अशीच फेरी मारायचे. तिकडे दिवे जायचे, परत आले की कधी एकदम जोरात यायचे आणि एकदा त्यात त्यांचा टीव्ही जळला होता. तेव्हापासून झोपायच्या आधी घरातलं एकूण एक बटण बंद करायचं असा नेम झाला. मार्शल लहानपणी वडिलांच्या मागे मागे फिरायचा, मग मोठा होऊन स्वतः फिरू लागला. सिडनीत दिवे जात नव्हते, पण फेरी सुटली नव्हती. फ्रिज आणि इंटरनेट सोडून बाकी सगळं बंद. इतक्या वर्षांच्या सवयीनं आता ते काम त्याचा हात करायचा. डोकं तेव्हा दुसरीकडेच असायचं.

वेंडीला ही फेरी जन्मापासून माहीत होती, तशी रिकीला आणि मिल्ड्रेडलाही होती. पण रोजची असल्यामुळे ती कुणाला दिसतच नव्हती.

त्या संध्याकाळी वेंडी मोजे घालून वडिलांच्या मागे चालत गेली. मार्शल फोनवर मेल वाचत होता. टीव्ही, टक. किटली, टक. टोस्टर आणि मायक्रोवेव्ह, टक, टक. धुण्याच्या खोलीतलं मशीन, टक. मग त्यानं गॅरेजचं दार उघडलं, दिवा न लावताच हात भिंतीकडे नेला.

टक.

"डॅडी," वेंडी म्हणाली, "हात तिथेच ठेव."

मार्शल दचकला. वेंडीनं दिवा लावला. त्याचा हात सॉकेटवर होता, बोट बटणावर, आणि लाल खूण गेलेली. वेंडीनं आईला हाक मारली, रिकीलाही मारली. तिघांनी दारात उभं राहून तो हात पाहिला. रिकी काहीतरी बोलणार होता, पण आईनं त्याच्याकडे बघितलं.

मार्शलनं हाताकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं. मग त्याला हसू आलं.

"अरे देवा, सवय," तो म्हणाला. "म्हणजे दहाला चार्जिंग लावायचं मीच, आणि त्याआधी बटण बंद करायचं मीच. ओके, ओके, no worries. उद्यापासून बस गाडीत. झालं?"

आणि तो फोन खिशात टाकून आत जायला निघाला.

झालं? चारचौघांत आळ घ्यायचा आणि गॅरेजमध्ये तो हळूच काढून टाकायचा? दोष सांगताना सगळी वसई गोळा करायची आणि चूक निघाली की नुसतं हसायचं? तिकडे काकांनी दुसऱ्या मुलीला स्तोत्र शिकवायला सुरुवातही केली असेल. आजीच्या मनात अजून तीच गोष्ट असणार की नातीनं गाडी बंद पाडली.

"नाही झालं," वेंडी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "तू त्यांना सगळ्यांना सांगितलंस. मला नको सांगूस. मला माहीतच होतं."

मार्शल दारात थांबला. मिल्ड्रेड बाजूला झाली नाही, त्यामुळे त्याला आत जाता येईना.

"बरोबर बोलतेय ती," मिल्ड्रेड म्हणाली. "वसईला आत्ता संध्याकाळचे चार वाजलेत. सगळे चहाला बसले असतील."

मार्शलनं मान खाली घातली. त्याचं हसू गेलं होतं. खिशातून फोन काढून तो नुसता हातात धरून उभा राहिला. लहान मुलं गृहपाठ न करता वही धरून उभी राहतात ना, तसा.

वेंडीनं आधी सॉकेटचं बटण चालू केलं आणि लाल खूण दिसतेय ना ते वाकून पाहिलं. मग वडिलांच्या हातातून फोन घेतला. गाडीचं दार उघडून ती आत बसली, फोन गाडीला जोडला आणि पडद्यावर आजीचं नाव दाबलं. आवाज पूर्ण वाढवला. गाडीच्या चारी कोपऱ्यांतून वसईच्या फोनची रिंग वाजू लागली. मग तिनं हात लांब करून पलीकडचं दार वडिलांसाठी उघडलं.