परातीतलं नाव

"सांत आंतोना बाबा, तुला मागणं लहान
माझ्या परातीत फुलू दे एका नावाचं पान..."

मक्याची कणसं सोलता सोलता आई हे म्हणायची. आवाज जरा चिरका, शेवटच्या शब्दावर हटकून कापणारा. आई गेली, घराची कौलं दोनदा बदलली, पण जूनची बारा तारीख आली की तो आवाज अंगणातून यायचाच. आला की कितेरियाला स्वतःच्या उजव्या हाताकडे बघवत नसे.

आज तीच बारा तारीख होती. उद्या सांत आंतोनचा, लग्नं जुळवणाऱ्या संताचा सण. दारोदार शेकोट्यांची लाकडं रचून झाली होती. ओट्यावर कितेरियाची धाकटी बहीण दामियाना मक्याचं पीठ चाळत होती, आणि दामियानाची नात जुसेलिया कात्रीनं कागदाचे तीन तुकडे करत होती.

"आजी, रेडिओवर सांगत होते, बारा तारखेचा हा प्रेमिकांचा दिवस काही संतानं काढला नाही. साओ पावलोच्या दुकानदारांनी काढला. जूनमध्ये गिऱ्हाईक नसायचं म्हणून."

"काढू दे की. तारीख शेवटी आंतोनबाबाच्याच दारात आणून बांधली ना? गरीब पोरींना हुंडा कोण जमवून द्यायचा? दुकानदार?"

"एवढा चांगला होता तर तुम्ही त्याची मूर्ती विहिरीत उलटी का टांगायचात?"

"नवरा देईपर्यंतच टांगायचा गं. दिला की सोडायचा. तुझ्या मावशीआजीनं वेळेवर टांगला असता तर..."

"मला दोर मिळाला नाही," कितेरिया म्हणाली.

तिघी हसल्या. कितेरिया सगळ्यांत शेवटी आणि सगळ्यांत कमी.

जुसेलियानं शिसपेन्सिलीनं एका तुकड्यावर लिहिलं, रुबेन्स. रुबेन्स गवंडी. त्याला दूर रेसीफे शहरात काम मिळालं होतं, सोमवारी तो निघणार होता आणि "तूही चल" म्हणत होता. दुसऱ्यावर एदमिल्सन. त्याचं औषधांचं दुकान, गावातच पक्कं घर, आणि घरच्या सगळ्यांची पसंती. तिसरा तुकडा कोरा. तिन्हींच्या घड्या घालून पाण्यात सोडायच्या, परात दवात ठेवायची. सकाळी जो उमललेला दिसेल तो नवरा. कोरा उमलला तर लग्नच नाही.

"जे येईल ते मी मुकाट ऐकणार," जुसेलिया म्हणाली. "विचार करकरून डोकं फुटायची वेळ आली माझी."

"ऐकायचंच असतं, बाळा. मी नाही ऐकलं? तुझ्या आजोबानं माझ्यावर कधी हात उचलला नाही, खोटं का बोलू. पण एक्केचाळीस वर्षांत कधी नावानं हाकही मारली नाही. 'अगं ए' म्हणतच गेला. मी म्हणायची, असू दे, बाबानं दिलाय. बाबानं दिलेलं परत करता येत नाही. त्या एका आधारावर दिवस काढले."

कितेरियाच्या हातातलं कणीस सुटून पायरीवरून गडगडत खाली गेलं.

चव्वेचाळीस वर्षांपूर्वी याच अंगणात दामियानाची परात होती. तिच्यातही दोन नावं आणि एक कोरा. ओतासिलियो, जो जत्रेत अकॉर्डियन वाजवायचा. आणि आदेरबाल, कसाव्याच्या कंदाचं पीठ दळणाऱ्या गिरणीवाल्याचा मुलगा. पहाटे सगळ्यांत आधी कितेरिया उठली. पाण्यावर ओतासिलियोचं नाव कमळासारखं उघडं पडलं होतं. कितेरियाचाही जीव त्याच्यावरच होता, आणि हे या जगात तिच्या उशीखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं. तिनं ते नाव बोटानं दाबलं, घडी मिटवली, आणि नखानं दुसरी उघडली. चूल पेटवायलाही त्याहून जास्त वेळ लागतो.

महिन्याभरात ओतासिलियो मालाच्या ट्रकवर बसून दक्षिणेला गेला. जाताना त्यानं कितेरियाकडे पाहिलंसुद्धा नाही.

सांगायचं तिनं कितीदा तरी ठरवलं होतं. लग्नाच्या सकाळी. पहिल्या बाळाच्या बाप्तिस्म्याला. तीन वर्षांपूर्वी आदेरबालची शवपेटी उचलली तेव्हा. दर वेळी मनात यायचं, हिच्याजवळ तेवढा एकच आधार आहे, तोही काढून घेऊ? आणि दर वेळी ती ओठ आवळून घ्यायची.

दिवेलागणीला दामियानानं परात तिच्या हाती दिली. "ताई, तूच ठेव. लग्न न झालेलीचा हात लागतो याला."

कितेरियानं परात फक्त काठाला धरून अंगणाच्या मधोमध ठेवली.

पहाटे शेकोट्यांच्या राखेवर धुकं उतरलं होतं. जुसेलिया अनवाणी बाहेर आली तेव्हा कितेरिया परातीपासून चार हात लांब, दोन्ही हात शालीत गुंडाळून बसली होती. या परातीला कुणी बोट लावलं नव्हतं. पाणी आपल्या मनानंच वागलं होतं.

एदमिल्सन.

जुसेलियानं वाकून पाहिलं. रुबेन्सची घडी तळाशी जाऊन बसली होती.

"ठीक आहे," ती म्हणाली. परकराला हात पुसले आणि फोन काढला.

"काय करतेस?" दारातून दामियाना.

"रुबेन्सला कळवते. सोमवारी माझी वाट बघू नकोस म्हणून." तिचा अंगठा फोनवर तसाच थांबला.

दामियाना तिच्याजवळ आली, तिचं डोकं छातीशी धरलं. "रड, बाई, रड. मीही रडले होते. गिरणीत जायची, पिठाच्या पोत्यांमागे बसून रडायची. तिथं कुणाला ऐकू जात नसे. दोन वर्षांनी थांबतं आपोआप. बाबाचा शब्द आहे, पोरी, आपण कोण मोडणार?"

दोन वर्षं. पिठाच्या पोत्यांमागे. हे दामियानानं आजवर कधी सांगितलं नव्हतं. कितेरिया समजत आली होती की बहीण सुखात नसेल, पण निदान रुळली होती.

जुसेलियानं डोळे पुसले. अंगठा अक्षरांवर फिरायला लागला.

"थांब," कितेरिया म्हणाली. "पाठवू नकोस."

"ताई, काय झालं? तिला का अडवतेस?"

कितेरियानं शालीतून उजवा हात बाहेर काढला आणि बहिणीपुढे धरला, एखादी हरवलेली वस्तू परत करावी तसा.

"तुझ्या परातीत ओतासिलियो उमलला होता, दामियाना. बाबानं तुला तोच दिला होता. मी तो मिटवला. आदेरबालचा कागद मी या नखानं उघडला. तू जन्मभर पाळलास तो बाबाचा शब्द नव्हता; त्याच्या दाखल्यावर ही पोर बांधू नकोस. मलाही ओतासिलियोच हवा होता."